खराट्याने तोडलेली वाट

नाशिकमध्ये गोदावरीवर संत गाडगे महाराजांच्या नावाचा पूल आहे. नदीपासून जवळच त्यांनी उभारलेली धर्मशाळाही आहे. कीर्तनकार आणि समाजसुधारक म्हणून बाबा सर्वांना ठाऊक आहेत. पण घरातल्या लहान मुलाला वरचेवर जुलाब होत असतील, तर त्यांच्या हातातल्या खराट्याकडे आरोग्याच्या नजरेनेही पाहायला हवे.

देबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील लवकर गेले. आई सखुबाई त्यांना घेऊन माहेरी दापुऱ्याला आल्या. देबूजी तिथे गुरे राखत आणि शेतात राबत मोठे झाले. शाळा त्यांना मिळाली नाही. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे कपडे, डोक्यावर मडक्याचे खापर आणि हातात खराटा, एवढाच त्यांचा संसार उरला.

गावात आले की बाबा आधी रस्ते झाडायला लागत. ते पाहून लोकही हात लावत. दिवसा गाव स्वच्छ होई आणि रात्री कीर्तनातून डोकी. नवस, पशुबळी, दारू आणि कर्ज यांवर ते कडक बोलत. पंढरपूरच्या यात्रेत, लोक चंद्रभागेत स्नान करून देवळाकडे जात असताना, बाबा वाळवंटातली घाण साफ करत. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा बांधल्या. यात्रेकरूच्या डोक्यावर छप्पर आले की उघड्या नदीकाठावरचा मुक्काम टळतो आणि काठावरची घाणही कमी होते. सिंहस्थात लाखो लोक जमणाऱ्या नाशिकला याचे मोल वेगळे सांगायला नको.

विष्ठेतून तोंडापर्यंत जाणारी रोगाची वाट नेमकी याच ठिकाणी तुटते. जिआर्डिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी आहे. हॉलंडच्या लेव्हेनहूक यांनी १६८१ मध्ये स्वतःच्याच विष्ठेत तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. शरीराबाहेर पडताना तो स्वतःभोवती टणक कवच तयार करतो. या अवस्थेत थंड पाण्यात तो कित्येक आठवडे टिकतो. क्लोरिनच्या नेहमीच्या मात्रेलाही तो सहज दाद देत नाही, उकळीने मात्र मरतो. असे जेमतेम दहा कण पोटात गेले तरी संसर्ग होऊ शकतो. रांगणारे मूल हात सतत तोंडात घालते, म्हणून त्याला धोका अधिक.

लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात आणि काही दिवसांत थांबतात. पण जुलाब चौदा दिवसांहून अधिक लांबले, शौच तेलकट आणि फार दुर्गंधीयुक्त होऊ लागली, पोट फुगले, वजन वाढेना, तर परजीवींची शंका घ्यावी आणि शौचाची तपासणी करून घ्यावी. अमिबा असेल तर शौचातून आव आणि रक्त पडू शकते. रक्त दिसले तर दिवस मोजत न बसता डॉक्टरांकडे जावे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. शाळा-अंगणवाडीत मिळणारी जंतनाशक गोळी गोल जंत आणि अंकुशकृमी यांसाठी असते. ती जरूर द्यावी. पण तिच्या एका मात्रेने जिआर्डिया बरा होतो असे नाही. शिवाय, आज गोळीने पोट साफ केले तरी अंगणातल्या मातीत अंडी आणि विहिरीत विष्ठेचा निचरा तसाच राहिला, तर मूल पुन्हा आजारी पडते. पोटातल्या कृमीवर औषध चालते, पण कृमी पोटात येण्याची वाट औषधाने बंद होत नाही.

नुसत्या झाडण्यानेही ती पूर्ण बंद होत नाही. विष्ठा माती-पाण्यापासून दूर गेली पाहिजे. त्यासाठी शौचालय हवे, आणि बाळाची शौचसुद्धा त्यातच टाकायला हवी. बाळाच्या शौचात काय असणार, असे समजून ती उकिरड्यावर किंवा गटारात टाकली जाते. प्रत्यक्षात संसर्ग झालेल्या बाळाच्या शौचातून परजीवी मोठ्या संख्येने बाहेर पडतात. ती धुतल्यानंतर आणि बाळाला भरवण्याआधी हात साबणाने धुवावेत. पाणी खळखळून उकळावे आणि झाकून ठेवावे. जुलाब सुरू होताच ओआरएस द्यावे, अंगावरचे दूध आणि जेवण सुरूच ठेवावे. सहा महिन्यांवरील बाळाला डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस झिंक द्यावे. डोळे खोल गेले, बाळ मलूल झाले, पाणी पिईनासे झाले किंवा लघवी कमी झाली, तर तातडीने दवाखाना गाठावा.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ, पेढी नदीच्या परिसरात बाबांचे निधन झाले. पुढे २००० साली राज्य सरकारने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले. त्यात गावांनी बक्षिसे मिळवली, शौचालये बांधली. बाबांनी वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला नव्हता आणि त्यांना जिआर्डियाचे नावही ठाऊक नसावे. तरीही विष्ठा आणि घास यांच्यामध्ये उभे राहण्याचे काम त्यांनी आयुष्यभर केले. तेच काम आता प्रत्येक घराने करायचे आहे.