शाहू कॉलेजचे शाहू

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. अकरावी-बारावी मी लातूरच्या राजर्षी शाहू कॉलेजला केली. दोन वर्षं रोज त्या नावाच्या गेटमधून आत गेले, पण शाहू म्हणजे माझ्यासाठी लातूर पॅटर्न, टेस्ट सिरीज आणि पीसीएमचे मार्क्स. हा माणूस कोण, हे कळायला मला इंजिनिअरिंगसाठी नांदेडला यावं लागलं. तेही एनएसएसचे तास भरायचे होते म्हणून.

नांदेडला एक सर आणि काकू आहेत. त्यांचा मुलगा शाळेत असतानाच गेला. त्याच्या नावाने ते खेड्यांतून आलेल्या मुलांसाठी मोफत अभ्यासिका चालवतात, दुपारचं जेवणही देतात. रविवारी मी तिथे गणित शिकवते. तास भरले की सही घ्यायची आणि सुटायचं, असा प्लॅन होता. एकदा काकू भाकरी थापत होत्या आणि मी विचारून बसले, की या मुलांकडे बघून त्याची आठवण कमी होते का. काकूंनी फक्त पीठ पुढे सरकवायला सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निघताना सरांनी कपाटातून शाहू महाराजांचं एक चरित्र काढून हातात दिलं. ते मी पीएलमध्ये वाचलं (अभ्यास सोडून सगळं वाचून होतं तेव्हा).

महाराज जन्माने कोल्हापूरचे राजपुत्र नव्हते. २६ जून १८७४ ला कागलच्या घाटग्यांच्या घरात जन्मलेले यशवंतराव, १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू झाले. १८९४ मध्ये कारभार हाती आला तेव्हा वय एकोणीस. मी विसाव्या वर्षी एम-थ्रीचा बॅकलॉग काढतेय, असो. १९०१ मध्ये त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. मग जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या समाजांची मुलं, एकेकासाठी वसतिगृहं निघत गेली. १९०२ मध्ये मागासलेल्यांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. तेव्हा आपलं लातूर-नांदेड निजामाच्या राज्यात होतं. आपल्याकडे पीपल्स कॉलेज निघायला १९५० उजाडलं!

सिव्हिलवाल्यांनी इथे लक्ष द्यावं. राधानगरी धरण त्यांनीच सुरू केलं, पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. पाणी वाढलं की आपोआप उघडणाऱ्या दरवाजांसाठी ते आजही प्रसिद्ध आहे. तलावाला नाव दिलं राणीचं, लक्ष्मीबाईंचं, आणि गावाला मुलीचं, राधाबाईंचं. घरातल्या माणसाचं नाव लोकांच्या उपयोगाच्या गोष्टीला द्यायचं, ही त्यांची जुनी सवय दिसते.

मुलाचं नाव द्यायची वेळ मात्र वाईट आली. धाकटे राजकुमार शिवाजी १२ जून १९१८ ला रानडुकराच्या शिकारीत अपघात होऊन गेले. वय एकोणीस. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. पुढे १९२० मध्ये महाराजांच्या पाठबळाने कोल्हापुरात गरीब मुलांसाठी वसतिगृह निघालं, प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग हाऊस. आज ती संस्था न्यू कॉलेज चालवते, पॉलिटेक्निकसुद्धा.

आमच्या वर्गात ज्यांना जीआरई द्यायची आहे त्यांचं स्टॅनफर्डही असंच आहे. १८८४ मध्ये पंधरा वर्षांचा मुलगा टायफॉइडने गेला आणि आईवडिलांनी त्याच्या नावाने विद्यापीठ काढलं. पण मला फरक वाटतो तो असा, की महाराजांचं पहिलं बोर्डिंग मुलगा जाण्याच्या सतरा वर्षं आधीचं आहे. दुःखामुळे त्यांनी काम सुरू केलं नाही. चालू असलेल्या कामात त्यांनी मुलाला जागा करून दिली. हे वाचल्यावर मी सरांना भीत भीत विचारलं. तर अभ्यासिका नव्हती तेव्हाही त्यांच्या ओसरीवर मुलं शिकायला यायची, आणि त्यांचा मुलगा त्यांच्यातच बसायचा. माझा काकूंना विचारलेला प्रश्नच चुकला होता.

चरित्रात मला सगळ्यात जास्त आवडली ती सून, इंदुमती. नवरा गेला तेव्हा ती बारा वर्षांच्या आसपास होती. त्या काळी अशा मुलीचं पुढचं आयुष्य म्हणजे एक कोपरा. महाराजांनी तिला कोल्हापूरजवळ सोनतळीला ठेवून शिकवायची व्यवस्था केली. घरातूनच विरोध होता. बोर्डिंगला देणगी देणं राजाला सोपं असेल, पण स्वतःच्या वाड्यात विधवा सुनेच्या हातात पुस्तक देणं किती अवघड गेलं असेल, याचा मी विचार करत बसले. पुढे त्याच इंदुमतीदेवींनी कोल्हापुरात बायकांच्या शिक्षणासाठी संस्था काढल्या. ते बघायला महाराज नव्हते. ६ मे १९२२ ला मुंबईत ते गेले, तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते.

माझे एनएसएसचे तास दिवाळीच्या आधीच भरले. सही अजून घेतलेली नाही. अभ्यासिकेत एक दहावीचा मुलगा आहे, त्याला लातूरला शाहू कॉलेजलाच अकरावी करायची आहे. शाहू कोण, म्हणून मी त्याला विचारलं, तर म्हणाला, कॉलेजचे मालक असतील. येत्या रविवारी त्याला इंदुमतीची गोष्ट सांगणार आहे. पण आधी वर्गसमीकरणं, ती अजून चुकतात त्याची.