आयडा टार्बेल : कागदपत्रांतून सत्य शोधणारी लेखिका

छापलेलें तें सर्व खरें, असें पुष्कळांस वाटतें. आणि अन्याय दिसला कीं रागानें लेखणी चालवावी, असेंही पुष्कळांस वाटतें. या दोन्ही समजुती किती अपुऱ्या आहेत, हें अमेरिकेंतील लेखिका मिस आयडा टार्बेल यांच्या चरित्रावरून कळतें. म्हणून तें आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

बाईंचा जन्म ५ नोव्हेंबर १८५७ रोजीं पेनसिल्व्हेनिया संस्थानांत झाला. दोनच वर्षांनीं त्या संस्थानांत टायटसव्हिल गांवाजवळ खनिज तेलाची विहीर लागली. बाईंचे वडील तेल सांठविण्याच्या लांकडी टांक्या करूं लागले व घरांत सुबत्ता आली. परंतु १८७२ सालीं जॉन रॉकफेलर आदि कांहीं कारखानदारांनीं आगगाडीच्या कंपन्यांशीं गुप्त करार केला. इतरांनीं तेलाच्या वाहतुकीचें भाडें जास्त द्यावें आणि त्या जादा पैशांतील वांटा या मंडळीस मिळावा, असा तो करार होता. बातमी फुटली, लोक खवळले व करार मोडला. तरी रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीपुढें लहान व्यापारी टिकेनात. वडिलांची उमेद खचलेली चौदा वर्षांच्या आयडानें डोळ्यांनीं पाहिली.

१८८० सालीं त्या ॲलेघनी कॉलेजांतून पदवीधर झाल्या. त्या वर्षाच्या वर्गांत त्या एकट्याच स्त्री होत्या. दोन वर्षें त्यांनीं शिक्षिकेचें काम केलें. पुढें मासिकांतून लिहूं लागल्या, आणि लिंकन यांच्या चरित्रानें त्यांचें नांव झालें.

नंतर मॅक्क्ल्यूर्स मासिकानें स्टँडर्ड ऑइल कंपनीचा इतिहास लिहिण्याचें काम त्यांजवर सोंपविलें. कंपनी मासिकाचा सूड घेईल, या भीतीनें वडिलांनींच त्यांस परावृत्त करण्याचा यत्न केला. बाई डगमगल्या नाहींत. न्यायालयांतील जबान्या, सरकारी चौकशीचे अहवाल, जुनीं वर्तमानपत्रें हें सर्व त्यांनीं वर्षानुवर्षें चाळलें. १८७२ च्या करारासंबंधीची एक पुस्तिका जवळजवळ नाहींशी झाली होती. तीही न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांत सांपडली. शिवाय कंपनीचे एक प्रमुख अधिकारी हेन्री रॉजर्स यांस वारंवार भेटून त्यांनीं कंपनीची बाजूही ऐकून घेतली.

याच सुमारास एक विलक्षण गोष्ट घडली. कंपनीच्या एका कचेरींतील पोऱ्याकडे रद्दी कागद जाळण्याचें काम होतें. एके दिवशीं त्यांत त्यास आपल्या रविवारच्या शाळेंतील शिक्षकांचें नांव दिसलें. ते गृहस्थ तेलाचे स्वतंत्र व्यापारी होते. मुलानें ते कागद त्यांस दिले व त्यांनीं ते बाईंकडे पोंचविले. प्रतिस्पर्ध्यांचा माल कोठें जातो याची खबर रेल्वेचे कारकून कंपनीस पुरवितात, हें त्यांवरून सिद्ध झालें. तो मजकूर छापून येतांच रॉजर्स यांचें दार बाईंना बंद झालें.

ही लेखमाला १९०२ ते १९०४ पर्यंत चालली. बाईंचे बंधु प्रतिस्पर्धी कंपनींत नोकरीस असल्यामुळें त्यांवर पक्षपाताचा आरोप झाला. १९०५ सालीं रॉकफेलर यांच्या स्वभावावर त्यांनीं लिहिलेले लेख कठोर होते, हें आम्हांसही मान्य आहे. पण मूळ इतिहासांत त्यांनीं एक संपूर्ण प्रकरण कंपनीच्या खऱ्या गुणांस वाहिलें, हें विसरतां कामा नये. लोकमत जागें झालें. १९०६ सालीं सरकारनें खटला भरला आणि १९११ सालीं वरिष्ठ न्यायालयाच्या निकालानें कंपनीचे चौतीस तुकडे झाले. ६ जानेवारी १९४४ रोजीं बाई मरण पावल्या.

त्यांस जे कागद मिळविण्यासाठीं गांवोगांव हिंडावें लागलें, तसले पुष्कळ कागद आज घरबसल्या वाचतां येतात. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें जुनीं वर्तमानपत्रें आणि आपल्या राष्ट्रीय अभिलेखागारानें जुनीं दप्तरें इंटरनेटवर ठेविलीं आहेत. साधनें सोपीं झालीं. चिकाटी मात्र ज्याची त्यानेंच आणावी लागते. वडिलांचें दुःख मनांत असतांही बाईंनीं पुराव्यावांचून आरोप केला नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं, मग ते पत्रकार होवोत वा न होवोत, कोणाविषयीं बोलण्यापूर्वीं एवढें तरी ध्यानांत ठेवावें.