प्रबंध मंजूर झाला १९१७ ला, पदवी मिळाली १९२७ ला. बाबासाहेबांची पीएचडी दहा वर्षं का अडकली होती?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांची यादी सोशल मीडियावर नेहमी फिरत असते. त्या यादीत कोलंबिया विद्यापीठाच्या पीएचडीसमोर कुठे १९१७ लिहिलेलं असतं, तर कुठे १९२७. मग खरं वर्ष कोणतं? तर दोन्ही. या दोन वर्षांच्या मधली गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

सुरुवात होते १९१३ पासून. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेबांना तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड, आणि शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची, असा करार झाला. वयाच्या २२ व्या वर्षी ते न्यूयॉर्कला पोहोचले.

मुदत तीनच वर्षांची असल्यानं त्यांनी कोर्सेसचा सपाटा लावला. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, शिवाय मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र, फ्रेंच आणि जर्मन. १९१५ मध्ये एम.ए. झालं. पुढच्याच वर्षी पीएचडीचा प्रबंधही लिहून झाला. त्यांचे मार्गदर्शक होते प्रा. एडविन सेलिग्मन.

१९१७ मध्ये कोलंबियानं प्रबंध मंजूर केला. पण पदवी काही हातात पडली नाही.

कारण होतं विद्यापीठाचा नियम. तेव्हा कोलंबियात नुसता प्रबंध मंजूर होऊन भागत नसे. तो छापून घ्यायचा, छापील प्रती विद्यापीठाकडे जमा करायच्या आणि मगच पदवी मिळायची. छपाईचा खर्च विद्यार्थ्याच्या माथी. शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या माणसाकडे एवढे पैसे येणार कुठून?

तोवर बाबासाहेब लंडनला गेले होते. १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला होता आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही नाव घातलं होतं. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि करारानुसार परत यावं लागलं. निघण्याआधी त्यांनी एक महत्त्वाचं काम केलं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवली. पहिलं महायुद्ध चालू होतं. त्यांची पुस्तकं ज्या जहाजातून येत होती, ते पाणबुडीच्या हल्ल्यात बुडालं.

बडोद्यात नोकरी मिळाली, पण राहायला जागा मिळेना. जात कळल्यावर पारशी धर्मशाळेतून बाहेर काढण्यात आलं. थोड्याच दिवसांत नोकरी सोडून ते मुंबईला परतले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. पगार महिन्याला ४५० रुपये. परळच्या चाळीत राहून त्यांनी पैसे साठवायला सुरुवात केली, कारण लंडनची चार वर्षांची मुदत सरत चालली होती.

स्वतःची बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपये कर्ज, एवढ्या जोरावर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. मुदत संपायला तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष उरलं होतं.

१९२१ मध्ये एम.एस्सी. झालं. ऑक्टोबर १९२२ मध्ये डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला. चांदीचा रुपया आणि सोन्याचा पौंड यांच्या विनिमय दरात इंग्रज सरकारनं घातलेला घोळ हा त्याचा विषय. परीक्षकांना त्यातली टीका जड गेली. १९२३ मध्ये प्रबंध पुन्हा लिहून द्या, असं सांगण्यात आलं. तोवर पैसे संपत आले होते. बाबासाहेब मुंबईला आले, निष्कर्ष न बदलता मांडणी तेवढी दुरुस्त केली आणि प्रबंध इथूनच लंडनला पाठवला. त्याच वर्षी तो मंजूर झाला. डिसेंबरमध्ये लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशकानं तो पुस्तकरूपात काढला. मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांना त्यातले काही मुद्दे पटले नव्हते. तरी प्रस्तावना त्यांनीच लिहिली.

राहिली कोलंबियाची पदवी. केंद्र आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली, या विषयावरचं काम बाबासाहेबांनी पुढे नेलं. १९१९ च्या सुधारणांपर्यंतची भर घातली आणि १९२५ मध्ये त्याच प्रकाशकाकडून ते पुस्तक आलं. प्रस्तावना सेलिग्मन यांची आणि अर्पण सयाजीरावांना. छापील प्रती कोलंबियाला पोहोचल्या आणि जून १९२७ मध्ये पीएचडी रीतसर बहाल झाली.

त्याच्या तीनच महिने आधी, मार्च १९२७ मध्ये, महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. विद्यार्थी म्हणून लिहिलेल्या प्रबंधाची पदवी आली, तेव्हा तो विद्यार्थी हजारो माणसांचा पुढारी झाला होता.

म्हणूनच त्या यादीत १९१७ दिसलं तर ते प्रबंध मंजूर झाल्याचं वर्ष समजायचं आणि १९२७ दिसलं तर पदवी मिळाल्याचं. मधली दहा वर्षं गेली ती अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे, तर मुख्यतः छपाईला पैसे नव्हते म्हणून.