राजाच्या नावाचे संग्रहालय : काकासाहेब केळकर



स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून पाठव, असा निरोप संपादक मंडळाकडून आला. संत, नेते आणि क्रांतिकारक यांच्यावर आपल्यापैकी कोणी ना कोणी लिहीलच. मी एका चष्म्याच्या दुकानदाराबद्दल लिहिणार आहे. त्यांचे नाव दिनकर गंगाधर केळकर. पुण्यात लोक त्यांना काकासाहेब म्हणत. नोकरीमुळे माझी बरीच वर्षे पुण्यात गेली. सिहोऱ्याकडचे कोणी पाहुणे आले की शनिवारवाड्यानंतर मी त्यांना बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेत असे.

दारावरचे नाव वाचून आमच्या पाहुण्यांचा हमखास एक गैरसमज होई. हा कुठला तरी संस्थानिक असावा आणि हे त्याचे खासगी वैभव असावे, असे त्यांना वाटे. राजा हे काकासाहेबांच्या एकुलत्या एका मुलाचे नाव. तो लहानपणीच गेला. पुढे संग्रहालय उभे राहिले तेव्हा काकासाहेबांनी त्याला मुलाचे नाव दिले. हे सांगितले की पाहुणे आतल्या वस्तू जरा हळू पावलांनी पाहू लागत.

काकासाहेबांचा जन्म 1896 चा. घरचा धंदा चष्म्यांचा, आणि तोच त्यांनी पुढे चालवला. तरुणपणी ते कविताही लिहीत. 'अज्ञातवासी' या टोपणनावाने ते मराठी काव्यरसिकांना माहीत होते. 1920 च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला. पुढे इतिहासात सहसा जागा न मिळणाऱ्या वस्तूंवर त्यांचा जीव जडला. समया, लामणदिवे, अडकित्ते, पानाचे डबे, दौती, कुलपे, पाय घासायच्या वज्री, स्वयंपाकघरातली भांडी, मुलांची खेळणी, वाद्ये, वाड्यांचे कोरीव दरवाजे असे सगळे ते गोळा करू लागले. पत्नी कमलाबाईंची त्यांना या कामात साथ होती.

त्या काळी जुन्या वस्तूची किंमत दोन प्रकारे ठरे. पहिला प्रकार आपल्या ओळखीचा आहे. भांडे तराजूत टाकायचे, पितळेचा जो भाव असेल तो घ्यायचा आणि भांडे भट्टीत जायचे. त्यावर कारागिराने मोर काढला आहे की हत्ती, याने वजनात फरक पडत नाही. दुसरा प्रकार कलावस्तूंच्या व्यापाऱ्यांचा. मूर्ती, लघुचित्र किंवा हस्तिदंताचे काम ओळखून ते कमी पैशांत घ्यायचे आणि धनिक संग्राहकाला किंवा परदेशी गिऱ्हाइकाला चढ्या दराने विकायचे. अशी कितीतरी कला देशाबाहेर गेली. 1947 मध्येच पुरावस्तूंच्या निर्यातीवर नियंत्रण आणणारा कायदा करावा लागला. 1972 च्या कायद्याने पुरावस्तूंच्या विक्रीसाठी परवाना सक्तीचा झाला, आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवण्याची बंदी झाली. साधारणपणे 100 वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र किंवा कारागिरीची वस्तू या कायद्यात येते.

काकासाहेब स्वतः दुकानदार होते. खरेदी-विक्रीचे गणित त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. मनात आणते तर ते कलावस्तूंचे मोठे व्यापारी झाले असते. नजर होती, ओळखी होत्या, आणि देशभर हिंडायची तयारीही होती. पण त्यांचा व्यवहार खरेदीपाशीच थांबत असे. दुकानाची कमाई वस्तूंमध्ये जाई, आणि वस्तू घरात येई ती राहायला येई. गुजरात, राजस्थान, दक्षिण भारत अशा ठिकठिकाणच्या वस्तू पुण्यातल्या त्या घरात जमल्या. मस्तानीसाठी बाजीराव पेशव्यांनी 1734 मध्ये कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेषही त्यांनी आणले आणि संग्रहालयात ते दालन पुन्हा उभे केले.

1960 पर्यंत वस्तूंची संख्या 15 हजारांच्या घरात गेली होती. आपण ज्यांनी भाताच्या सुगीत ढोल्या भरून झाल्यावर उरलेली पोती ठेवायला घरात जागा शोधली आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ कळेल. वस्तू मिळवणे हे निम्मेच काम. ती सांभाळणे हे उरलेले निम्मे, आणि ते कधीच संपत नाही. पावसाळ्यात पितळेवर हिरवट थर चढतो. लाकडाला वाळवी आणि भुंगा लागतो. कापडाला कसर लागते. हस्तिदंत फार कोरड्या हवेत तडकते, आणि चित्रांचे रंग उजेडात उडतात. म्हणजे एकाच घरातल्या चार वस्तूंना चार तऱ्हेची हवा हवी असते. शिवाय वस्तू कुठून आली, कशासाठी वापरत, ही माहिती तिच्याबरोबर राहिली नाही, तर अडकित्ता हा लोखंडाचा तुकडा होतो आणि वज्री कशाची हेही कोणाला सांगता येत नाही.

आज तिथे 20 हजारांहून जास्त वस्तू आहेत. त्यांपैकी पाहणाऱ्यांसाठी मांडलेल्या सुमारे अडीच हजार. म्हणजे आठांतली एक वस्तू आपल्याला दिसते, बाकीच्या सात आतल्या कोठारात असतात. आमचे एक पाहुणे यावर नाराज झाले होते. दाखवायचे नाही तर ठेवता कशाला, असा त्यांचा सवाल होता. मी त्यांना बियाण्याच्या कणगीची आठवण दिली. ती घरात कोणी पाहुण्याला दाखवत नाही, पण पुढच्या साली पेरायला तीच लागते.

एवढा संग्रह आपल्या मागे कोण सांभाळणार, हा प्रश्न काकासाहेबांसमोर होताच. ज्याच्यासाठी ठेवायचे तो मुलगा नव्हता. त्यांनी सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. एका चष्मेवाल्याने आयुष्यभराची पुंजी अशी लोकांच्या नावे केली. 1990 मध्ये वयाच्या 94 व्या वर्षी ते गेले. जवळजवळ 70 वर्षे त्यांनी हे एकच काम केले.

आता हे सारे सिहोऱ्याच्या शाळेच्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारेल. भंडारा म्हणजे पितळनगरी. जिल्ह्याच्या गावाची ओळखच पितळेच्या भांड्यांवरून झालेली. आपल्या आज्यांच्या घरात गुंड, गंज, कोपर हे सारे पितळेचे असे. मग स्टील आले आणि त्यातले बहुतेक मोडीत गेले. पवनीला उत्खननात निघालेल्या स्तूपाची नोंद पुरातत्त्व खात्याने केली. नागपूरच्या अजब बंगल्यात मूर्ती आणि ताम्रपट जपून ठेवलेले आहेत. पण भात मोजायची पायली, जात्याचा खुंटा, तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी, मंडईतल्या दंडारीत वाजलेली ढोलकी, यांची नोंद कोणी घेतलेली नाही. या वस्तू आपल्याच माळ्यावर आहेत, किंवा कालपरवापर्यंत होत्या.

आपण सगळे आता अशा वयाला आलो आहोत की अनेकांचे आईवडील राहिलेले नाहीत. कोणी नागपूरला, कोणी पुण्याला, कोणी रायपूरला स्थायिक झाले. गावचे घर पाडून नवे बांधायचे किंवा विकायचे, ही चर्चा भावाभावांत चालू आहे. घर रिकामे करताना वाटणी शेतीची होते, दागिन्यांची होते. माळ्यावरच्या वस्तू मात्र एका दुपारी भंगारवाल्याच्या गाडीवर चढतात. त्या गाडीला थांबवा असे मी म्हणत नाही. प्रत्येकाला काकासाहेब होणे जमणार नाही, आणि शहरातल्या दोन खोल्यांत पायली आणि कोपर ठेवायला जागाही नसते.

पण एक काम होण्यासारखे आहे. गाडी येण्याआधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढावा. तिचे इकडचे नाव, ती कशासाठी वापरत, कोणी वापरली आणि कुठल्या बाजारातून आणली, हे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून वहीत लिहावे. ज्यांना एखादी वस्तू द्यावीशी वाटेल त्यांच्यासाठी आपल्या शाळेत एक कपाट आणि एक नोंदवही ठेवता येईल का, हे या मेळाव्यात सरांशी आणि मॅडमशी बोलून ठरवावे, अशी माझी विनंती आहे. कपाटाचा खर्च आमची बॅच वाटून घेईल. नोंदवहीतली पहिली वस्तू म्हणून मी माझ्या आजीचा पितळी गुंड आणणार आहे. त्याच्या गळ्याला एक पोचा आहे. तो कशाने पडला हे माझ्या आत्याला माहीत आहे. मेळाव्याला येण्याआधी मी तिच्याकडून ते लिहून घेणार आहे.