देवासच्या दरबारातला फॉर्स्टर

गोटमार झाली की तिसऱ्या दिवशी आपल्याकडे गणपती बसतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोटे फेकणारी माणसे तोवर एकाच मांडवात दोऱ्या बांधू लागलेली असतात. या धामधुमीत मंडळाने स्मरणिकेतले चरित्राचे पान माझ्याकडे सोपवले. दरवर्षी या पानावर संत, समाजसुधारक, क्रांतिकारक येतात. मी यंदा एका इंग्रजाबद्दल लिहितो आहे. कुणी नाक मुरडू नये. हा इंग्रज आपल्याच मध्य प्रदेशात, एका मराठा राजाच्या पदरी नोकरीला होता, आणि त्याच्या बारा वर्षे आधी त्याने एक अशी गोष्ट लिहून ठेवली होती की आज मोबाईल बाजूला ठेवून वाचावी लागते.

एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर यांचा जन्म १ जानेवारी १८७९ रोजी लंडनला झाला. खरे तर त्यांचे नाव हेन्री ठेवायचे ठरले होते. बाप्तिस्म्याच्या वेळी घोटाळा झाला आणि वडिलांचेच नाव मुलाला लागले. (सरकारी नोंदीत नाव चुकले की ते आयुष्यभर कसे चिकटते हे आम्हा कर्मचाऱ्यांना सांगायला नको.) मूल दोन वर्षांचे व्हायच्या आत वडील क्षयाने गेले. आई लिली आणि मुलगा, एवढेच घर राहिले. वडिलांच्या मावशीने मृत्युपत्रात आठ हजार पौंड ठेवले, त्यावर शिक्षण झाले. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधून बाहेर पडल्यावर कादंबऱ्या येऊ लागल्या. १९१० साली 'हॉवर्ड्स एंड' आली आणि नाव झाले.

त्याच्या आदल्या वर्षी, १९०९ च्या नोव्हेंबरात, एका मासिकात त्यांची एक लांब कथा छापून आली होती, 'द मशीन स्टॉप्स', म्हणजे यंत्र थांबते. तेव्हा रेडिओ केंद्रे नव्हती, दूरदर्शन तर स्वप्नातही नव्हते. टेलिफोन होता, आणि विमानाने इंग्लिश खाडी नुकतीच ओलांडली होती. एच. जी. वेल्ससारखे लेखक यंत्रयुगाची सुखी चित्रे रंगवत होते. फॉर्स्टरना ती पटत नव्हती.

कथेतली माणसे जमिनीखाली राहतात. मधमाशीच्या पोळ्यातल्या घरासारखी षट्कोनी खोली, एका खोलीत एक माणूस. बटण दाबले की जेवण, बटण दाबले की गाणे, अंघोळीचे पाणी, कपडे, पुस्तके. वश्ती नावाची बाई खोलीतून न हलता हजारो लोकांना ओळखते आणि तिथूनच संगीतावर दहा मिनिटांचे व्याख्यान देते. तिचा मुलगा कुनो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला असतो. हातातल्या गोल तबकडीत निळसर उजेड येतो, त्यात त्याचा चेहरा दिसतो. मुलगा म्हणतो, तू मला भेटायला ये. आई म्हणते, दिसतोयस की! मुलाचे म्हणणे असे की तबकडीत तुझ्यासारखे काहीतरी दिसते, तू दिसत नाहीस.

हे वाचून मी पुस्तक मिटले होते. माझी आई सावरगावात, मी नोकरीच्या गावी. रोज रात्री व्हिडिओ कॉल होतो. तिला फोन नीट धरता येत नाही, मला बराच वेळ घराचे छतच दिसते. आणि शेवटी तिचा प्रश्न ठरलेला असतो, कधी येतोस?

पुढे कथेत यंत्राची पूजा सुरू होते. मग ते हळूहळू बिघडते. गाण्यात घरघर येते, पाण्याला वास येतो. लोक समितीकडे तक्रार नोंदवतात, समिती उत्तर देते, आणि काही दिवसांनी त्या घरघरीची सवय होते. मला सगळ्यात खरा वाटतो तो हाच भाग. पोर्टल अडकले की कार्यालयातला माणूस खांदे उडवतो आणि समोरचा अर्जदारही मान डोलावून घरी जातो. दोघांनाही त्यात वावगे वाटत नाही. कथेच्या शेवटी एक दिवस सगळा संपर्क तुटतो. मायलेक भेटतात ते त्या कोसळत्या अंधारात, मरताना.

आता देवास. तिथे पवारांच्या दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राज्ये. थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव यांचे पूर्वीचे शिक्षक माल्कम डार्लिंग हे फॉर्स्टरचे मित्र. त्या ओळखीने ते १९१२ च्या नाताळात प्रथम देवासला आले. १९२१ साली महाराजांनी त्यांना खासगी चिटणीस म्हणून बोलावले आणि ते सुमारे सहा महिने राहिले. त्यांच्याकडे बागा, मोटारी, अतिथिगृह आणि चक्क वीजघर सोपवले होते! यंत्र बंद पडण्याची गोष्ट लिहिणाऱ्याला संस्थानाचे वीजघर. मी स्वतः डिप्लोमावाला, म्हणून मला याचे जास्त हसू आले. नवा राजवाडा पुरा व्हायच्या आधीच खचू लागला होता. हिशेबाचा मेळ बसत नव्हता.

पण गोकुळाष्टमी आली आणि साहेब बदलले. जुन्या वाड्यात दिवसरात्र भजन, एकाच वेळी वाजणारी अनेक वाद्ये, फुलांच्या ढिगात जवळजवळ हरवलेली चांदीची लहानशी कृष्णमूर्ती, आणि स्वतः महाराज टाळ घेऊन नाचताहेत. शेवटी मातीचे गोकुळ मिरवत नेऊन तळ्यात बुडवायचे. त्या मिरवणुकीत फॉर्स्टर अनवाणी चालले. त्यांना तो गोंगाट, तो अव्यवस्थितपणा बोचला, तसे त्यांनी लिहिलेही. तरी गर्दीत खांद्याला खांदा लागून चाललेला तो माणूस वश्तीच्या खोलीपासून फार दूर आला होता.

१९२४ च्या 'अ पॅसेज टू इंडिया' कादंबरीत ही गोकुळाष्टमी आली आहे, आणि तिच्यात तुकोबांना आळवणारे प्राध्यापक गोडबोलेही आहेत. जगभर वाचल्या जाणाऱ्या इंग्रजी कादंबरीत आपला तुकाराम असा देवासमार्गे गेला. त्यानंतर फॉर्स्टरनी कादंबरी लिहिली नाही, निबंध मात्र बरेच लिहिले. मुल्कराज आनंद यांच्या 'अनटचेबल'ला १९३५ साली प्रस्तावना दिली, १९४९ साली 'सर' हा किताब नाकारला.

तुकोजीरावांचे हाल झाले. कर्ज वाढले, मुलाशी बिनसले, ते पाँडिचेरीला निघून गेले आणि १९३७ साली तिथेच वारले. फॉर्स्टरनी त्यांना सोडले नाही. देवासहून घरी धाडलेली पत्रे जपून होती. त्यांचे पुस्तक 'द हिल ऑफ देवी' १९५३ साली काढले. देवी म्हणजे देवासच्या टेकडीवरची. त्यातली पुष्कळ पत्रे आईला लिहिलेली. १९४५ साली ही आई नव्वदीत गेली, तोवर त्यांनी घर तिच्याबरोबरच केले होते.

पुढे केंब्रिजच्या कॉलेजने राहायला खोली दिली. ७ जून १९७० रोजी ते गेले. त्याच्या सात महिने आधी, २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या दोन शहरांतले संगणक तारेने जोडून पहिला निरोप धाडला गेला होता. आजच्या इंटरनेटची ती सुरुवात. पाठवायचा शब्द होता 'लॉगिन'. इंग्रजी पाच अक्षरांपैकी एल आणि ओ ही दोन पोचली, आणि यंत्र थांबले.