अब्राहम डार्बी (पहिला)

अब्राहम डार्बी (जन्म : १४ एप्रिल १६७८, मृत्यू : १७१७) हे इंग्लंडमधील लोहउत्पादक होते. झोतभट्टीत लोणारी कोळशाऐवजी कोक वापरून लोखंड गाळण्याची पद्धत व्यवहारात यशस्वी करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांच्या मुलाचे व नातवाचे नावही अब्राहम असल्यामुळे त्यांना ‘पहिला’ असे म्हटले जाते.

पूर्वायुष्य

डार्बी यांचा जन्म डडलीजवळ एका क्वेकर पंथीय कुटुंबात झाला. बर्मिंगहॅम येथे माल्ट दळण्याच्या गिरण्या बनवणाऱ्या कारागिराकडे त्यांनी उमेदवारी केली. १६९९ मध्ये ते ब्रिस्टलला गेले व पुढे पितळेच्या व्यवसायात भागीदार झाले. पितळेची भांडी महाग असल्याने वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचे प्रयोग त्यांनी हाती घेतले. या पद्धतीचे एकस्व त्यांना १७०७ मध्ये मिळाले.

कोलब्रुकडेलची भट्टी

१७०८ मध्ये डार्बी यांनी श्रॉपशायरमधील कोलब्रुकडेल येथील बंद पडलेली भट्टी भाडेपट्ट्याने घेतली व जानेवारी १७०९ मध्ये ती पेटवली. दगडी कोळशातील गंधकामुळे लोखंड ठिसूळ होते. तेथील कोळशात गंधक कमी होते आणि कोळशाचा कोक केल्याने ते आणखी घटत असे.

भट्टीत धातुक, कोक व चुनखडी वरून टाकत आणि पाणचक्कीवर चालणाऱ्या भात्यांनी खालून हवा देत. तळाशी लोखंडाचा रस साचे. त्यावर तरंगणारी हलकी धातुमळी वरच्या बाजूने वाहू देत. नंतर चिकणमातीने बुजवलेले खालचे भोक फोडून लोखंडाचा रस बाहेर काढत. तो वाळूतील चरांत सोडून त्याच्या कांड्या पाडत किंवा पळ्यांनी साच्यांत ओतत.

कोकवर गाळलेल्या लोखंडात सिलिकॉन अधिक असे. त्यामुळे रस अधिक प्रवाही होऊन पातळ भांड्यांच्या साच्यातही नीट पसरे. मात्र त्याच सिलिकॉनमुळे हे लोखंड घडीव लोखंड बनवणाऱ्यांना गैरसोयीचे ठरे. म्हणूनच ही पद्धत भांड्यांच्या ओतकामात यशस्वी झाली, तरी इतर कारखान्यांत तिचा प्रसार अनेक दशके मंदच राहिला.

मृत्यू व वारसा

वयाच्या ३९ व्या वर्षी डार्बी यांचे मॅडली येथे निधन झाले. त्या वेळी मुलगा लहान असल्याने कारखान्याची सूत्रे भागीदारांकडे गेली. पुढे याच मुलाच्या काळात घडीव लोखंडासाठीही कोकवरील लोखंड वापरात आले. नातू अब्राहम डार्बी (तिसरा) यांच्या कारखान्यातील ओतीव लोखंडापासून सेव्हर्न नदीवरील प्रसिद्ध लोखंडी पूल १७७९ मध्ये उभा राहिला. लोणारी कोळशावरील अवलंबन सुटल्याने लोखंडाचे उत्पादन जंगलांच्या मर्यादेतून मुक्त झाले. कोलब्रुकडेलची जुनी भट्टी आज जतन करण्यात आली असून, हा परिसर १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट आहे.