अन्तोन चेखॉव्ह : पत्रांतून घडलेले कथाशास्त्र

कथालेखनाविषयी अन्तोन चेखॉव्ह याने एकही शास्त्रीय ग्रंथ लिहिला नाही. मराठीत ना. सी. फडके यांनी 'प्रतिभासाधन' (१९३१) या ग्रंथात ललितलेखनाच्या तंत्राची पद्धतशीर मांडणी केली. तशी मांडणी चेखॉव्हने कधी केली नाही. तरीही नवोदित कथाकारांना त्याच्या नावे सांगितले जाणारे नियम थोडे नाहीत. त्यांतील बहुतेक त्याच्या खाजगी पत्रांतून वेचलेले आहेत, आणि ती पत्रे विशिष्ट व्यक्तींना, विशिष्ट हस्तलिखिते वाचून लिहिलेली आहेत. त्या व्यक्ती आणि ते प्रसंग दूर सारले की सल्ल्याचे सूत्र होते आणि त्यातील मिस्किलपणा हरवतो. म्हणून या उपदेशाचा विचार चेखॉव्हच्या चरित्रापासून वेगळा काढून करता येत नाही.

आझोव्ह समुद्राकाठच्या तागानरोग या गावी १८६० साली त्याचा जन्म झाला. आजोबा भूदास होते. पैसे भरून त्यांनी कुटुंबाची मुक्तता करून घेतली होती. वडिलांचे किराणा मालाचे दुकान होते. १८७६ साली त्यांचे दिवाळे निघाले आणि सावकारांच्या भयाने ते मॉस्कोस निघून गेले. शालेय शिक्षण पुरे करण्यासाठी अन्तोन मागे राहिला व शिकवण्या करून तीन वर्षे गुजराण करीत राहिला. १८७९ साली तो मॉस्को विद्यापीठात वैद्यकाचा विद्यार्थी झाला, आणि घर चालविण्यासाठी विनोदी साप्ताहिकांतून लिहू लागला.

१८८० च्या मार्च महिन्यात 'स्त्रेकोझा' या साप्ताहिकात त्याचे जे पहिले लेखन छापून आले, त्यात कादंबऱ्यांतून हमखास आढळणाऱ्या गोष्टींची एक यादी होती. सरदार आणि त्याची पत्नी, शेजारचा उमराव, मंदबुद्धीचे नोकर, उधळलेल्या घोड्यापासून नायिकेला वाचविणारा नायक, पापाने आरंभ होऊन विवाहाने संपणारे कथानक, अशा ठरीव साहित्याची ती टवाळी होती. कथाकाराने काय टाळावे हे वीस वर्षांच्या या तरुणाने सांगितले ते असे थट्टेच्या वाटेने. १८८५ साली नवलेखकांसाठी त्याने विनोदी नियम लिहिले. त्यांत तान्ह्या मुलाला जन्मतःच फटके देऊन लेखनापासून परावृत्त करावे, असा उपाय सुचविलेला आहे.

चेखॉव्हच्या शैलीचे खरे शिक्षण मात्र एका व्यावहारिक अटीने झाले. १८८२ पासून तो लेइकिन या संपादकाच्या 'ओस्कोल्की' या पीटर्सबर्गच्या साप्ताहिकात लिहू लागला. तेथे कथेला सुमारे १०० ओळींची मर्यादा असे आणि मोबदला ओळीच्या हिशेबाने मिळे. लांबविण्यात लेखकाचा लाभ आणि आटोपते घेण्यात संपादकाची सोय, अशा या ओढाताणीत तो काटछाट शिकला. संक्षेपाचे तत्त्व त्याच्या मनात रुजण्यापूर्वी ते त्याच्या हाताला सवयीचे झाले होते.

१८८४ साली तो डॉक्टर झाला, आणि त्याच वर्षी त्याला रक्ताची पहिली गुळणी झाली. लेखन हा तोवर त्याच्या लेखी जोडधंदाच होता. १८८६ च्या मार्चमध्ये वयोवृद्ध कादंबरीकार ग्रिगोरोविच याचे पत्र आले. 'शिकारी' या कथेने प्रभावित झालेल्या त्या ज्येष्ठाने चेखॉव्हच्या प्रतिभेचा गौरव केला आणि घाईचे लेखन सोडण्याची विनवणी केली. उत्तरादाखल चेखॉव्हने आपण एकाही कथेला एका दिवसाहून अधिक वेळ दिला नसल्याची कबुली दिली. पुढे असंख्य होतकरूंची हस्तलिखिते तो जिव्हाळ्याने वाचीत राहिला, त्यामागे स्वतःला वेळेवर मिळालेल्या या सल्ल्याची जाण असावी.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात थोरला भाऊ अलेक्सान्द्र याला त्याने कथेचे सहा गुण लिहून कळविले. राजकीय-सामाजिक प्रवचनाचा अभाव, वस्तुनिष्ठता, व्यक्ती व वस्तू यांचे सत्य वर्णन, कमालीचा संक्षेप, नावीन्याचे धाडस आणि सहृदयता हे ते गुण होत. चांदण्या रात्रीच्या वर्णनासाठी चंद्राची स्तुती न करता बांधावरच्या फुटक्या बाटलीची चकाकी दाखवावी, असा दाखलाही त्याने दिला. हीच बाटली दहा वर्षांनी रंगभूमीवर आलेल्या 'सीगल' या नाटकात पुन्हा भेटते. तेथे असफल तरुण लेखक त्रेप्लेव्ह हा प्रतिष्ठित त्रिगोरिनची ही हातोटी आठवून स्वतःच्या लेखनावर चरफडतो. भावाला दिलेली युक्ती आता सराईत लेखकाची लकब ठरली होती. स्वतःचा उपदेशही संशयाने पाहण्याची ही वृत्ती त्याच्या अनुयायांत क्वचितच आढळते.

१८९० साली प्रकृतीची पर्वा न करता तो साखालिन बेटावरील कैद्यांच्या वसाहतीत गेला. तीन महिन्यांच्या मुक्कामात त्याने सुमारे १०,००० खानेसुमारीची पत्रके भरली. परतीचा सागरी प्रवास कोलंबोवरून झाला. त्या प्रवासातून उगवलेल्या 'गूसेव्ह' या कथेत जहाजावर मरण पावलेल्या सैनिकाचे प्रेत समुद्रात सोडले जाते, आणि लेखक कोठेही गहिवरत नाही. १८९२ साली मेलिखोवो येथे कॉलऱ्याच्या साथीत तो विनावेतन वैद्यकीय काम करीत होता. त्याच वर्षी लीदिया अविलोवा या लेखिकेला त्याने लिहिले की, दुःखितांचे चित्रण करताना लेखकाने अधिक थंड राहावे, म्हणजे दुःखाला उठाव देणारी पार्श्वभूमी मिळते. रुग्णाशेजारी बसण्याची सवय असलेल्या माणसाचा हा सल्ला होता. त्यातील थंडपणाचा अर्थ उदासीनता असा करणे चुकीचे ठरेल.

१८९८-९९ मध्ये गॉर्कीला लिहिलेली पत्रेही अशीच आहेत. विशेषणांची गर्दी वाचकाचे लक्ष थकविते, हे त्याने साध्या उदाहरणाने दाखविले. माणूस गवतावर बसला, एवढे लिहिले की चित्र तत्काळ उभे राहते. त्या माणसाची उंची, छाती, दाढी आणि तुडवलेले गवत एकाच वाक्यात कोंबले की मेंदूला ते पेलत नाही.

सर्वांत प्रसिद्ध नियम बंदुकीचा. ती उडवावयाची नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर आणू नये, हा विचार त्याने १८८९ साली लाझारेव्ह-ग्रूझिन्स्की या मित्राला कळविला, तो एका प्रहसनातील अनावश्यक स्वगताच्या निमित्ताने. त्याची स्वतःची नाटके मात्र या नियमाशी खेळत राहिली. 'अंकल वान्या'मध्ये गोळी दोनदा सुटते आणि दोन्ही वेळा चुकते. 'चेरी ऑर्चर्ड'मध्ये एपिखोदोव्ह पिस्तूल दाखवितो, पण ते उडतच नाही. अपेक्षा जागवून ती फोल ठरविणे हेच तेथे जीवनाचे चित्र होते. नियमाचा असा भंग त्याचे सामर्थ्य जाणणाऱ्यालाच साधतो.

१८९९ साली मार्क्स या प्रकाशकाला त्याने आपल्या लेखनाचे हक्क ७५,००० रुबलना विकले. त्यानंतर याल्टा येथे क्षयाशी झुंजत त्याने जुन्या कथा पुन्हा तपासल्या. अनेक कथा संग्रहातून वगळल्या, उरलेल्यांवर कात्री चालविली. इतरांना सांगितलेली शिस्त त्याने सर्वांत कठोरपणे स्वतःलाच लावली. १९०४ च्या जुलैमध्ये जर्मनीतील बाडेनवायलर येथे, वयाच्या ४४ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला.

१९१२ ते १९१६ या काळात बहीण मारिया हिने त्याची पत्रे सहा खंडांत प्रसिद्ध केली, आणि जिव्हाळ्याच्या माणसांपुरता असलेला सल्ला सार्वजनिक झाला. भारतीय भाषांतील कथाविचारात चेखॉव्हचे नियम उद्धृत होतात तेव्हा त्यांमागचा भाऊ, मित्र किंवा नवखी लेखिका ध्यानात घेणे म्हणूनच अगत्याचे आहे. समोरचे हस्तलिखित वाचून, त्याच्या कर्त्याला ओळखून दिलेला सल्ला एवढेच त्याचे शास्त्र होते.